वकीलसाहेबांचं पोट

कोर्टाच्या फाटकावरच्या पोलिसाला "माझ्या पोटात बॅटरी आहे अन् तिले दोन वायरा आहेत" असं सांगू नये, एवढं कळायला वकिलीची सनद लागत नाही. आमच्या सरांकडे सनद होती, आणि अर्धं आयुष्य त्यांनी तिच्यावर काढलं होतं, तरी त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी आम्ही अकोल्याहून अमरावतीच्या कोर्टात गेलो होतो. फाटकावर धातू तपासायची चौकट होती आणि तिच्याशेजारी हातात दांडकं घेतलेला तरुण पोलीस. सर चौकटीसमोर थबकले.

"या साहेब, आत या," पोलीस म्हणाला.

"येतो. पन थे दांडकं माझ्या पोटावर धरू नका."

"कावून?"

तेव्हा सरांनी ते वाक्य उच्चारलं. तेही कोर्टात उलटतपासणी घेताना लावत तशा खड्या आवाजात. पाहता पाहता फाटक रिकामं झालं. पक्षकार पांगले, चहावाला किटलीसकट रस्ता ओलांडून गेला. पोलिसानं दांडकं खाली ठेवलं आणि वर कुणाला तरी फोन लावला. दवाखान्यानं दिलेलं कार्ड दाखवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, पण ते कार्ड अकोल्याला दुसऱ्या कोटाच्या खिशात होतं. मोठे साहेब आले तेव्हा सर सदरा वर करून त्यांना जठराची रचना समजावत होते. "हे पाहा, इथं डबी. इथून दोन तारा आत. जेवन पुढं ढकलायची नस माझी गेली, म्हून ही बसवली." शेवटी बाररूममधल्या चार जुन्या वकिलांनी ओळख दिली आणि आम्ही आत गेलो.

मला वाटलं सर चिडले असतील. सर खूश होते. "पाह्यलं काय वकीलीनबाई? इतक्या वर्षांत पयल्यांदा या कोर्टात माझं बोलनं कोनी इतकं मन लावून आयकलं."

वकीलीनबाई म्हणजे मी. धामणगाव रेल्वे या गावाहून नवी सनद घेऊन अकोल्यात आले आणि सरांच्या हाताखाली लागले. शेतीच्या वाटण्या, बांधाची भांडणं, मृत्युपत्रं अशी दिवाणी कामं सर करत. पण खरा जीव उलटतपासणीत. ती कोर्टापुरती राहत नसे, हीच अडचण होती. भाजीबाजारात ते वांगेवालीला विचारत, "ही वांगी आज सकाळी तोडली असं तुमचं म्हननं आहे. तोडताना तुमी सोता हजर होत्या काय? हो का नाही, येवढंच सांगा." ती बाई बिचारी वांगी फुकट द्यायला तयार होई. घरी काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, भाजीत मीठ घातलंय म्हटलं, तर "किती वाजता?" असा प्रश्न यायचा. काकू त्यांच्याकडे न बघता म्हणत, "तुमाले नोटीस पाठवतो." (आमच्याकडं बायकाही 'पाठवतो', 'सांगतो'च म्हणतात. पुण्याचे पाहुणे यावर हसतात, पण नोटीस आली की घाबरतात.)

दुसरा जीव खाऊ घालण्यात. ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघर मागं, त्यामुळं पक्षकाराला पोहोचायला काही अडचण नव्हती. बाळापूरहून पहिल्या गाडीनं आलेला माणूस आधी जेवायचा, मग त्याची कैफियत ऐकली जायची. आणि जेवायचा म्हणजे सर म्हणतील तेवढं. "पोट भरलं" हे विधान सरांनी कधीच ग्राह्य धरलं नाही. "भरलं हे तुमचं म्हननं झालं. पुरावा काय?" असं म्हणत ते स्वतः उठून पोळी वाढत. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर त्या हातावर पोळी ठेवत. एकदा विरुद्ध बाजूचा साक्षीदार चुकून आमच्याकडं पत्ता विचारत आला, तर त्यालाही पाटवडीचा रस्सा पाजून पाठवला. तो दुपारी साक्षीत पेंगत होता. समोरच्या वकिलानं ह्यावर हरकत घ्यायला हवी होती, पण त्याचंही आदल्या आठवड्यात आमच्याकडं जेवण झालं होतं. पहिल्या वर्षातच माझे सगळे कुर्ते उसवावे लागले.

असा हा माणूस स्वतः जेवेनासा झाला, हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. वाढणाऱ्याच्या ताटाकडं कोण बघतं?

मला कळलं ते रोडग्यामुळं. बाळापूरकडच्या एका पक्षकाराच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. सर पंगतीत फिरून फिरून वाढत होते, ओरडत होते, लोकांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घालत होते. त्यानंतरच्या सोमवारी कोर्टात युक्तिवाद करताना त्यांनी घाम पुसायला कोटाच्या खिशात हात घातला आणि रुमालासोबत एक अख्खा रोडगा बाहेर आला. तो टेबलावर पडला, गडगडत गेला आणि न्यायाधीशांच्या समोर जाऊन थांबला.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "वकीलसाहेब, पुरावा म्हणून याला निशाणी कितवी द्यायची?"

सगळं कोर्ट हसलं. सरही हसले. मी मात्र परत येताना विचार करत होते, रोडगा खिशात कसा गेला? दुपारी काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"खाल्ल्याचं दाखोते अन् खिशात टाकते," त्या म्हणाल्या. "दोन घास खाल्ले का पोट तट्ट फुगते. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडते. मोरीचं दार लावून नळ चालू ठेवते, म्हंजे मले आयकू येऊ नाई. मले काय कान नाईत? पन बोललं का मलेच उलटे प्रश्न विचारते."

त्या दिवशी मी सरांकडं नीट पाहिलं. कोट खांद्यावरून खाली ओघळत होता. पट्ट्याला नवी भोकं पाडलेली होती. आम्ही इतके दिवस "सरांनी वजन छान कमी केलं, साखर ताब्यात आणली" म्हणून कौतुक करत होतो. साखरेचा आजार त्यांना फार वर्षांचा होता.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. आम्लपित्ताचं औषध, वैद्याचा काढा, कुणी नजर काढली, कुणी पाण्याचे उपास सांगितले. दुर्बीण घालून पाहिलं तर आत काही अडलेलं नाही. "काही नाही, मनावर घेऊ नका," एका डॉक्टरांनी सांगितलं. सर बाहेर येऊन म्हणाले, "रोज उलटी होऊन राहिली अन् हा म्हनते काहीच नाई. असा साक्षीदार मले समोरच्या बाजूले पायजे होता." पण विनोद करतानाही भिंतीला धरून उभे होते. एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसले, तेव्हा काकूंनी ऐकून घेणं थांबवलं आणि हैदराबादची तिकिटं काढली. मीही सोबत गेले, कारण सरांची फाईल सांभाळायची सवय मलाच होती.

तिथं पोट किती वेळात रिकामं होतं हे मोजायची तपासणी होती. त्यासाठी इडली खायची. इडलीत किंचित किरणोत्सारी औषध मिसळलेलं असतं आणि पुढं काही तास मशीनखाली मधून मधून बसवून ती पोटातून कुठवर सरकली ते पाहतात. सरांनी ती पांढरी, कोरडी इडली उलटून सुलटून पाहिली आणि तंत्रज्ञाला विचारलं, "चटनी नाई काय? हे तर शिक्षा सुनावन्याच्या आधीच सुरू झालं." चार तासांनी पडद्यावर इडली जवळपास तिथंच दिसत होती.

"लेकाची तारीख घेऊन बसली," सर म्हणाले.

डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. तो हिंदीत बोलत होता, सर वऱ्हाडीत, पण दोघांचं जमलं. त्यानं कागदावर जठर काढून दाखवलं. जुन्या साखरेनं जठराच्या नसा निकामी होतात, मग जठर आपलं काम विसरतं. गोळ्या देऊन पाहिल्या, पातळ अन्न देऊन पाहिलं. काही महिन्यांत दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. वजन घसरतच होतं. तेव्हा त्यानं यंत्राचं काढलं. पोटाच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवायची, तिच्या दोन तारा जठराच्या भिंतीत. थांबून थांबून ती विजेचे अगदी बारीक ठोके देते, माणसाला ते जाणवत नाहीत.

सर ताठ बसले. मी ओळखलं, आता उलटतपासणी.

"यानं माझं पोट पयल्यासारखं चालंल? हो का नाही, येवढंच सांगा."

"नाही," डॉक्टर म्हणाला.

सर चमकले. त्यांना इतकं सरळ उत्तर साक्षीदाराकडून मिळायची सवय नव्हती.

"रोग जाईल?"

"नाही. उलट्या आणि मळमळ कमी व्हायची बरीच शक्यता आहे. सगळ्यांना फायदा होत नाही. तुम्हाला होईल याची मी खात्री देत नाही."

"मंग मी हे कायले घालून घेऊ?"

"कारण आत्ता तुमच्या पोटात पाणीही टिकत नाही. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मला ते टाळून पाहायचंय."

सरांनी जठर काढलेला तो कागद उचलून माझ्याजवळच्या फाईलमध्ये ठेवला. काकू पदराचं टोक पिळत होत्या. मग सर माझ्याकडं वळून म्हणाले, "साक्षीदार खरा आहे. मोडनार नाई. घालून घेऊ."

ऑपरेशन झालं, पण चमत्कार वगैरे झाला नाही. पहिले काही आठवडे उलट्या तशाच. तपासणीला गेलं की डॉक्टर डबीवर बाहेरून एक चकती धरायचा, संगणकावर आकडे बदलायचा. सर विचारत, "वाढवलं काय? वाढवा, घाबरू नका." घरी येताना गाडीत एकदा म्हणाले, "वकीलीनबाई, मी केस हारलो वाटते." मी म्हटलं, "सर, निकाल लागला नाही अजून." ते म्हणाले, "हे वाक्य मी पक्षकारायले सांगतो. फी घेतल्यावर."

मग एका सकाळी काकूंचा फोन. मला वाटलं काहीतरी वाईट झालं. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "चार दिवस झाले, नळ चालू झाला नाई." आणि लगेच फोन ठेवला, बहुतेक दृष्ट लागू नये म्हणून.

त्यानंतर सर सुधारले, म्हणजे आधीपेक्षा बरे झाले. दिवसातून सहा वेळा वाटीभर खायचं. मऊ भात, वरणाचं पाणी, शिजवून घोटलेला भोपळा. तूप नाही, रोडगे नाहीत, कच्चं काही नाही. अधूनमधून वाईट दिवस येत, पण कोट खांद्यावर पुन्हा बसला. आणि यंत्राचा अभिमान तर विचारू नका. कुणी "तब्येत कशी?" विचारलं की सदऱ्याची गुंडी निघालीच. लग्नात नवरदेवाच्या मामाला, बँकेत व्यवस्थापकाला, बसमध्ये शेजारच्या बाईला. त्या बाईनं जागा बदलली. काकू म्हणत, "पोराच्या मुंजीतही इतकं मिरवलं नाई यायनं."

अशात वलगावची एक मुलगी आली. आईसोबत आली होती. लग्नाला दोन वर्षं, सासर अमरावतीत. मनगटं काडीसारखी, डोळे खाली. नवऱ्यानं लग्न मोडायचा अर्ज केला होता. आजार लपवून लग्न केलं आणि सासरची बदनामी व्हावी म्हणून मुद्दाम ओकते, असं त्यात लिहिलेलं. सगळे रिपोर्ट चांगले होते ना. साखर नाही, अल्सर नाही. माहेरीही तिला कुणी पूर्ण खरं मानत नव्हतं. आईच सरांना म्हणाली, "साहेब, हट्टीच आहे जराशी. जेवाले बसली का तोंड वाकडं करते."

सर अर्ज वाचत होते. कागद खाली ठेवून त्यांनी मुलीला एकच विचारलं. "सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी पडते काय?"

मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. मान हलवली.

फाटकावरची ती बॅटरीची गंमत ह्याच खटल्याच्या तारखेला झाली. आत गेल्यावर सासूची उलटतपासणी होती. सासू काही दुष्ट बाई नव्हती. इस्त्रीचं पातळ, हातात पिशवी, साक्ष द्यायची भीती वाटत असलेली. सर उठले. मला वाटलं नेहमीसारखे तुटून पडतील. ते अगदी हळू बोलले.

"बाई, तुमची सून उलटी करे तवा मोरीचं दार उघडं ठेवे का लावून घे?"

"लावून घे."

"अन् आत काय करे?"

"नळ सोडे."

"कावून सोडे, काही अंदाज?"

सासूनं थोडा विचार केला. "आवाज येऊ नये म्हून असंन."

"म्हंजे तुमाले आयकू जाऊ नये, असा तिचा प्रयत्न होता."

"हो."

"तुमच्या अर्जात लिहिलं का ती नाटक करते. बाई, नाटक करनारं मानूस आवाज लपवते काय?"

सरांनी आणखी एक प्रश्न विचारला. "ती नाई म्हने तवा तुमी तिच्या ताटात वाढत होत्या काय?"

"वाढत होतो ना, जबरीनं. पोरगी वाळून चालली होती, साहेब. मी काय करू मंग?" आणि ती बाई कठड्याला धरून रडायला लागली.

मी पुढच्या प्रश्नाचा कागद सरांच्या हातात सरकवला. त्यांनी घेतला नाही. "मले अजून काही विचारायचं नाई," एवढं म्हणून ते खाली बसले. मी त्यांना भरात आलेली उलटतपासणी अर्ध्यात सोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात नवरा आमच्यामागं आला. उंच, लाजरा मुलगा. "साहेब, याच्यावर इलाज राहते काय?"

"तुमच्या वकिलाले विचारून या, का मी तुमच्याशी बोलू का नाई," सर म्हणाले. कायद्यानं बरोबरच होतं. तो मुलगा खरंच पळत जाऊन विचारून आला. मग सरांनी त्याला तिथल्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सदरा वर झाला हे सांगायला नकोच. पुढच्या तारखेला अर्ज मागं घेतला गेला. मुलगी लगेच सासरी गेली नाही. आई म्हणाली जा, सासू न्यायला आली, तरी ती वलगावलाच राहिली. "आदी मी बरी होतो, मंग पाहू," म्हणाली. सरांना ते उत्तर फार आवडलं.

नंतर एका रविवारी ती आईसोबत अकोल्याला आली. काकूंनी आत मऊ भात टाकला होता. मीही होते. मुलगी बऱ्याच वेळानं धीर करून सरांना म्हणाली, "मी हात लावून पाहू काय?" सरांनी सदऱ्यावरूनच तिची बोटं डबीवर ठेवली. ती दचकली, मग हसली.

"टनक आहे. दुखते काय?"

"नाई."

"मले पन हे बसवा लागंन?"

"मले नाई माहीत, पोरी," सर म्हणाले. "तुले कदाचित गोळ्यायनंच होईन. ज्याले माहीत आहे त्याले विचारू."

त्यांनी हैदराबादच्या डॉक्टरला फोन लावला, चार शब्दांत ओळख करून दिली आणि फोन तिच्या हातात दिला. तिची आई लगेच पुढं सरकली, "मी सांगतो ना, तिले बोलता येत नाई." सरांनी तिला हातानंच थांबवलं. मुलगी आधी अडखळली. मग मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागली. काय खाल्लं की होतं, किती वेळानं होतं, कधीपासून. लग्नाच्या आधी तापानं आजारी पडली होती, तेव्हापासून. हे आईलाही ठाऊक नव्हतं. सर बाजूच्या खुर्चीत बसून होते. दोनदा त्यांना राहवलं नाही, ओठ हलले, तेव्हा त्यांनी स्वतःचाच हात तोंडावर धरला. माझ्या उभ्या वकिलीत मी पाहिलेली त्यांची ती सगळ्यात अवघड कामगिरी होती.

मुलीनं बराच वेळ ऐकून घेतलं, "जी, जी" म्हणाली आणि फोन खाली ठेवला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय म्हने?" आईनं विचारलं.

"तपासाले या म्हने." मग ती आईकडं न पाहता, भिंतीकडं बघत म्हणाली, "अन् म्हने, असा आजार राहते. तू खोटं नाई बोलून राहिली."

एवढं बोलून ती रडायला लागली. तिची आईही. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"हेच मी चार महिने कोर्टात वरडत होतो," ते म्हणाले, "पन वकिलाचं खरं वाटते कोनाले?"